पांगुळगाड्याची रंगीत चाकं

डोंगराच्या पायथ्याशी, करवंदांच्या जाळ्यांनी वेढलेली एक चिमुकली वाडी होती. वाडीच्या टोकाला एक चिमुकलं घर होतं आणि त्या घरात शेवंती राहायची. सगळे तिला शेवू म्हणत. शेवूचे बाबा कधीच देवाघरी गेले होते. आई रोज रानात जाऊन वाळक्या फांद्या गोळा करी, मोळी बांधून बाजारात नेई. मोळी विकली गेली तर चुलीवर भात शिजे, नाही तर नुसती पेज.

पण शेवू कुरकुरत नसे. तिला एक गोड वेड होतं, लाकडाचं! मोळीत एखादं निराळं ढलपं दिसलं की ती लगेच ओढून काढी.

"आये, हे नको ना गं जाळू! बघ, आतून कसं पिवळंधमक आहे!"

"बाय माझी, चुलीला कुठं रंग कळतात?" आई हसून म्हणे. पण ढलपं मात्र शेवूच्या हातात देई.

मग शेवू अंगणात बसून बोथट कोयतीनं ते तासत राही. कधी त्यातून बदक निघे, कधी चमचुली, तर कधी नुसताच एक गुळगुळीत गोळा. तिचा धाकटा भाऊ नन्नू ते सगळं छातीशी धरून खिदळे.

नन्नू हसायचा, बोलायचा, टाळ्या पिटायचा. पण चालायचा मात्र नाही. तापातून उठल्यापासून त्याचे पाय शेवग्याच्या शेंगांसारखे बारीक झाले होते. वैद्यबुवा म्हणाले होते, "पायांत जीव आहे, त्यांना सवय हवी. पांगुळगाडा धरून रोज ढकलू दे, चालेल पोर."

बाजारातला गाडा आणणं काही त्यांना जमण्यासारखं नव्हतं. शेवू मनाशी म्हणाली, "मीच करीन की!"

चैत्रात एकदा मोठी वावटळ आली आणि रानातली कितीतरी झाडं आडवी झाली. सकाळी ऊन सोन्यासारखं पसरलं, तशी शेवू कोयती घेऊन रानात धावली. मोहाच्या लालसर पालवीतून ऊन झिरपत होतं. पडलेल्या खोडांवर दवाचे मोती चमचमत होते. आणि कुठूनसा एक नाजूक, अगदी बारीक आवाज येत होता.

"हळू गं बाळ! माझ्यावर पाय देशील!"

शेवू दचकली. एका चिरफळलेल्या फांदीच्या फटीत एक इवलीशी परी अडकली होती! बोटभर उंचीची. अंगावर शेवाळाचं मऊमऊ हिरवं झबलं, केसांत कुड्याचं पांढरंशुभ्र फूल. आणि तिचे पंख? सुतार रंधा मारतो तेव्हा पातळ वळणदार ढलप्या निघतात ना, अगदी तसे! त्यांतून ऊन आरपार दिसत होतं. पण एक पंख फटीत चिमटला होता, त्याला चीर गेली होती.

"रडू नकोस हं, परीबाय," शेवू कुजबुजली. तिनं फांदी जोरात ओढली नाही. एक पाचर शोधली, फटीत अलगद सरकवली आणि हळूहळू ठोकली. फट उघडली. परी सुटली खरी, पण उडायला गेली आणि धपकन शेवूच्या तळहातावर पडली.

शेवूनं हेदाच्या पिवळ्या लाकडाचा पापुद्रा काढला. कांद्याच्या सालीहून पातळ. झाडाच्या चिकट डिंकानं तो चिरेवर बसवला आणि वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली. परीनं पंख हलवून पाहिला. भिर्रर्र! ती शेवूच्या नाकासमोर गिरकी घेऊन थांबली.

"मी या रानातल्या लाकडांची परी," ती म्हणाली. "तुझे हात फार हळुवार आहेत गं. तीन मागण्या माग. पण अटी ऐकून घे. जिवंत झाडाचं पानसुद्धा मागायचं नाही. मागशील ते लाकडाचं नाही तर लाकूडकामाचंच माग. तुझ्या भावाचं मला ठाऊक आहे, पण पायांत बळ घालणं माझ्या हाती नाही. वस्तू मात्र तू स्वतः घडवायची. आणि ऊन डोंगरामागे गेलं की माझं देणं संपलं!"

शेवूनं आधी नीट विचार केला. पडलेल्या फणसाच्या खोडावर हात ठेवून ती म्हणाली, "हे ओलं आहे. ओल्याचा गाडा केला तर वाळताना वाकडा होईल. हे चांगलं मुरलेलं, वाळलेलं होऊ दे."

परीनं टिचकी मारली. खोडातून मंद सुवास दरवळला आणि लाकूड मधासारखं सोनेरी झालं. मोडून पडलेल्या बाकीच्या फांद्याही सुकून खणखणू लागल्या.

"आता माझ्या हाताला बसेल अशी हत्यारं हवीत. दांडे या लाकडाचेच होऊ देत."

लगेच गवतावर एक छोटीशी करवत आली, छोटासा रंधा आला, छोटीशी पटाशी आली. सगळ्यांची पाती चांदीसारखी लखलखीत!

शेवू कामाला लागली. कर्र कर्र करवत चालली, सर्र सर्र रंधा फिरला. दुपार कलेपर्यंत गाड्याचा सांगाडा उभा राहिला. हातात धरायची दांडी तर तिनं इतकी घासली, की तिच्यावरून माशीचा पाय घसरावा. राहिली फक्त चाकं.

चाकांना जाड लाकूड हवं होतं. एकसंध, न चिरणारं; फणसाचं चिरलं असतं. शेवू शोधत शोधत उतारावर गेली आणि तिथंच थबकली. शिसवाचं एक जुनं वठलेलं झाड उभं होतं. पान नाही, पालवी नाही. लाकूड आतून जांभळंकाळं, लोखंडासारखं घट्ट! वादळानं ते कलंडलं होतं, मुळं अर्धी उघडी पडली होती.

"हे जिवंत नाही ना, परीबाय?"

"नाही. हे तू मागू शकतेस."

शेवूनं खोडावर हात ठेवला. तेवढ्यात वरून पंखांचा फडफडाट झाला. चोचीत लाल उंबरं धरून एक मोठा धनेश पक्षी खोडाला येऊन बिलगला. वर एक ढोली होती. तिचं तोंड चिखलानं लिंपलेलं, मधे नुसती फट. त्या फटीतून एक चोच बाहेर आली आणि तिनं उंबर घेतलं. पाठोपाठ आतून चिवचिव ऐकू आली.

"आत आई आहे," शेवू हळूच म्हणाली. "आणि तिची पिल्लं."

ऊन डोंगराच्या माथ्याला टेकलं होतं. वारा सुटला आणि खोड करकरलं. धनेश घाबरून ओरडला.

शेवूच्या डोळ्यांसमोर नन्नूचे बारीक पाय आले. पण खोडावरचा हात तिनं काढला नाही. डोळे मिटून ती भरभर म्हणाली, "हे झाड पक्कं उभं राहू दे. पिल्लं उडून जाईपर्यंत हे पडायला नको!"

खोड सावकाश सरळ झालं. उघडी मुळं मातीत शिरली. आणि ऊन डोंगरामागे गेलं.

शेवू मटकन खाली बसली.

"पस्तावलीस?" परीनं विचारलं.

"नाही गं. पण नन्नूला काय सांगू? बिनचाकाचा गाडा कसा ढकलेल तो?"

परी तिच्या गुडघ्यावर येऊन बसली. "तुझ्या मागण्या संपल्या. पण माझी खुशी अजून शिल्लक आहे! सांग बरं, चाक एकाच लाकडाचं असावं, असं कुणी ठरवलं?"

तिनं पंख फडफडवले आणि काजव्यांसारखे उजेडाचे ठिपके उधळले. शेवूच्या कामातून उरलेले तुकडे होते, वाटेत पडलेल्या फांद्यांची ढलपी होती. ती सगळी गवतावर सरसर सरकली. कुड्याचं पांढरं, हेदाचं पिवळं, खैराचं तांबडं, शिसवाच्या मोडक्या फांदीचं जांभळं. फणसाच्या गऱ्यांसारखी ती गोलात बसली. त्यांवर तुकड्यांचा दुसरा थर आला. खालच्या प्रत्येक सांध्यावर वरच्या तुकड्याचं अंग!

"एकट्याला चीर गेली तर दुसरा धरून ठेवतो," परी म्हणाली. "आता हे नीट पाहून ठेव आणि घरी जाऊन घडव. चाक फिरलं की मी येईन."

सांगाडा, हत्यारं आणि तुकडे घरी आणून शेवू रोज अंगणात बसून तासू लागली. आई मोळी उतरवून तिच्याजवळ बसे आणि तुकडे जोडायच्या खुंट्या घासून देई. पहिलं चाक डुगडुगलं. शेवूनं ते सोडून पुन्हा बसवलं. होता होता तिन्ही चाकं तयार झाली.

एका सकाळी आईनं नन्नूला गाड्याला उभं केलं. त्याचे पाय लटलट कापले. "ताई, पलीन मी!"

"पडलास तर मी आहे ना. ढकल!"

नन्नूनं ढकललं. चाकं गरगरली. एक पाऊल पडलं. मग दुसरं. मग तिसरं! आई पदर तोंडाला लावून रडू लागली, हसूही लागली. शेजारच्या पार्वतीकाकू धावत आल्या. "अगो शेवू, काय सुंदर गाडा गो! आमच्याकडे मोडका पाळणा पडलाय. त्याचं लाकूड देते, वर रवा-गूळही देते, माझ्या नातवाला करशील?"

"माझ्याकडे जुनं दार आहे!" कुंपणापलीकडून दुसरं कुणी ओरडलं. "आणि आमच्या नदीवरच्या जुन्या होडीची फळी!"

"करीन की!" शेवू म्हणाली. "आये, तू घासायला बसशील ना? मग कशाला जायचं मोळीला?"

आईनं हसून मान डोलावली. आज चुलीवर गोड शिरा शिजणार होता.

इकडे नन्नू पळवत होता गाडा! चाकांवरचे रंग एकमेकांत मिसळले आणि त्यांतून सोनेरी उजेड फुलला. दांडीवर परी बसली होती. कुणाला दिसली नाही, फक्त शेवूला आणि नन्नूला दिसली.

"अजून!" नन्नू तिला म्हणाला. "अजून लांब!"

"जा की राजा, लांब लांब जा!" परी किणकिणत हसली. तिनं शेवूच्या गालावर पंखानं हळूच टिचकी दिली, एक गिरकी घेतली, आणि अंगणभर लख्ख उजेड झाला. पांढरा, पिवळा, तांबडा, जांभळा! उजेड विरला तेव्हा दांडीवर कुणीच नव्हतं. नन्नूचा गाडा मात्र फाटकातून बाहेर पडला होता आणि शेवू त्याच्यामागे धावत होती.

हळुवार हातांचं भलं झालं, इवल्या पायांचं भलं झालं. ऐकणाऱ्या तुम्हा पिल्लांचंही तसंच होवो!