पुळणीवरची पेठ

फार मागची गोष्ट. तेव्हा राज्यं लहान होती, पण समुद्र आत्ताएवढाच मोठा होता.

अशाच एका लहान राज्यात समुद्राकाठी एक गाव होतं. गावाच्या मधोमध पेठ. पेठ कसली, उकिरडा! झापांची छपरं कुजलेली, गटार रस्त्यातून आणि रस्ता गटारातून. दोन माणसं समोरासमोर आली, तर एकानं दुकानात शिरायचं, तेव्हा दुसऱ्याला वाट. एकदा एक रेडा पेठेत घुसला. त्याला वळता येईना. शेवटी लोकांनी शेपटी धरून त्याला मागं मागं चालवत बाहेर काढला. सकाळी आत गेलेला रेडा दुपारी बाहेर आला.

तिथल्या राणीनं एक दिवस दवंडी पिटवली. "जुनी पेठ पाडणार, नवी बांधणार! दगडी जोती, कौलारू छपरं, झाकलेली गटारं. पेठेत जो जो माल विकतो, त्या प्रत्येकाला स्वतःची जागा!"

गाव नुसतं उसळलं. हलवायानं कढईवर झारा आपटला. कोळणी टोपल्या डोक्यावर घेऊनच नाचल्या. ज्यांचं पेठेत काही नव्हतं, तेसुद्धा एकमेकांना मिठ्या मारत सुटले.

त्या गावात आमसुलं विकणारी एक म्हातारी होती. तीस वर्षं पेठेत बसली, पण स्वतःची म्हणून वीतभर जागा नाही. आज याच्या पायरीवर, उद्या त्याच्या. "ऊठ गे म्हातारे, गिऱ्हाईक अडतंय," हे तीस वर्षं ऐकलेलं. आता तिला तीन हात जागा मिळणार होती. तीन हात! तिनं घरी अंगणात तीन हात मोजले. त्यात बसून बघितलं. मग पाय पसरून बघितले. पाय पसरूनही जागा उरली. म्हातारी एकटीच हसली.

राणीनं राज्यातला सगळ्यात जुना गवंडी बोलावला. कारभाऱ्यानं त्याच्यापुढं नकाशा उलगडला. रंगीत, रेखीव, बघत राहावं असा.

"छान आहे," गवंडी म्हणाला. "यात माणूस कुठं उभा राहतो?"

"अहो, हा नकाशा आहे," कारभारी म्हणाला.

"तेच म्हणतो मी. कागदावर कुणाचं कोपर कुणाला लागत नाही. राणीसाहेब, दगड एकदा बसला की शंभर वर्षं हलत नाही. आधी पेठ चालून बघू."

"नसलेल्या पेठेत कसं चालायचं?" राणीनं विचारलं.

"येत्या अवसेला पहाटे समुद्र लांब मागं जाईल. पुळण उघडी पडेल, चांगली पेठेएवढी. तिथं वाळूत पेठ आखतो, पुऱ्या मापाची. प्रत्येकानं आपला माल घेऊन यायचं, आपल्या रेघेत बसायचं, धंदा करायचा. जे खुपेल ते बदलायचं. पाणी फिरलं की मी शंख फुंकीन. शंख वाजेल तेव्हा ज्याची रेघ जिथं, तिथं त्याचा दगड. मग रडायचं नाही."

राणीला हे इतकं आवडलं की ती उठून उभीच राहिली.

अवसेला पहाटे पाणी मागं गेलं. एका अंगाला काळे खडक, दुसऱ्या अंगाला खाडीचा चिखल, आणि मध्ये सपाट, ओली, चमकती पुळण. गवंड्यानं काठीनं रेघा मारल्या. मधून सरळ रस्ता, बारा हात रुंद. दोन बैलगाड्या एकमेकींना न घासता जातील असा. दोन्ही बाजूंना दुकानांच्या रेघा. खडकाच्या बाजूला मीठवाल्याची मोठी जागा, आणि तिला लागून वरच्या अंगाला म्हातारीचे तीन हात. तिच्या समोर, रस्त्यापलीकडं, गूळवाला.

सूर्य कासराभर वर आला आणि पेठ भरली! गाड्या आल्या, पोती आली, बांबू आले, कनाती आल्या. काल जिथं खेकडे पळत होते तिथं आज घासाघीस चालली होती. माणसं वाळूतल्या रेघेपाशी थांबून "येऊ का आत?" असं विचारत होती. काही जण तर नसलेल्या दाराखालून डोकं वाकवून जात होते!

आणि गवंडी म्हणाला होता तसंच झालं. न्हाव्याच्या कातरीतले केस उडून जिलबीच्या पाकात पडले. हलवाई ओरडला, "अरे माझ्या जिलब्यांना मिशा फुटल्या!" लगेच न्हावी उचलून दुसऱ्या टोकाला. मासळीचा वास थेट कापडात शिरला, तर मासळी वाऱ्याखाली. कुंभाराला रस्त्याच्या तोंडाशीच जागा होती, येणारा जाणारा मडकं फोडी. त्याला तिथून आत हलवला. रेघ पुसली, रेघ काढली, झालं काम. कागदावर हे सात जन्मांत दिसलं नसतं.

इथवर सगळं झकास. पण माणूस तो माणूस.

वाळूची रेघ ती. पुसायला टाच पुरते आणि काढायला अंगठा. मीठवाल्यानं इकडं तिकडं बघितलं, टाचेनं आपली रेघ पुसली आणि अंगठ्यानं चार बोटं पुढं काढली. पोतं सरकवलं. समोरच्या गूळवाल्यानं ते बघितलं. तो काय गप्प बसतो? त्यानं सहा बोटं पुढं काढली. मग मीठवाल्यानं आठ. त्यांचं बघून वरच्यानं, वरच्याचं बघून खालच्यानं. ज्याला त्याला वाटत होतं, आपण एकट्यानं एवढंसं घेतलं तर रस्त्याला काय कळतंय!

मीठवाला पुढं सरकून थांबला नाही. तो बाजूलाही सरकला, म्हातारीच्या जागेत.

"शेट, तुझी पोती माझ्यात आली," म्हातारी म्हणाली.

"तुझ्यात कुठं? रेघ बघ की."

"रेघ आत्ता तू काढलीस. अंगठ्याला वाळू आहे अजून."

"अगं, मूठभर आमसुलं तुझी. तीन हात घेऊन काय करणार?"

"पाय पसरणार."

आजूबाजूचे हसले, पण पोतं कुणी मागं घेतलं नाही. म्हातारी गवंड्याकडं गेली. तो पेठेतून फिरत होता, मिशी नसलेली एक जिलबी खात.

"गवंडीदादा, माझी जागा खाल्ली. शंख वाजला तर जन्मभर गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागंल."

"आजी, मी रेघा राखायला आलो नाही. रेघा तुमच्या, पेठ तुमची. मी मोजायला आलोय," गवंडी म्हणाला, आणि पुढं गेला. सकाळपासून त्याच्या चार फेऱ्या झाल्या होत्या. दर फेरीला तो रस्ता आडवा ओलांडायचा आणि मनात पावलं मोजायचा.

म्हातारी परत आली तर तीन हातांचा दीड हात राहिलेला.

"बघतेस काय? पुढं सर," समोरून गूळवाला म्हणाला. "रस्ता काय कुणाच्या बापाचा आहे?"

खोटं कशाला बोलायचं? म्हातारीनंही आपल्या टोपल्या रस्त्यात दोन हात पुढं सरकवल्या. तिनं सोडलेल्या जागेत मीठवाल्यानं लगेच आणखी चार पोती लावली. शेजार असावा तर असा!

बारा हातांचा रस्ता दहाचा झाला, आठाचा झाला, पुरता चार हातांचा झाला. आणि कुणाला पत्ता नाही, कारण जो तो आपापल्या रेघेकडं बघत होता.

समुद्राला मात्र कुणी दवंडी दिली नव्हती. त्याची वेळ झाली, तो फिरला. अवसेचं पाणी ते. पोरं आधी "आलं, आलं!" करून नाचली. मग फेस मासळीच्या टोपल्यांना लागला. मग कापडवाल्याच्या ठाणांना लागला. आणि मग सगळी पेठ एकदम उठली.

बाहेर पडायला वाट एकच, तो रस्ता. कडेला खडक, पलीकडं चिखल. मीठवाला सगळ्यांत चपळ. मीठ आणि पाणी यांचं नातं तो ओळखून होता. निम्मी पोती गाडीत टाकली, बैल हाकले. गाडी चार पावलं वर आली आणि कच्चकन अडली. एका बाजूला म्हातारीच्या टोपल्या, दुसऱ्या बाजूला गूळवाल्याच्या ढेपा. मागं कुंभाराची गाडी, तिच्यामागं कापडवाल्याची, तिच्यामागं कोळणी, आणि सगळ्यांच्या मागं समुद्र.

"ढेपा मागं घे रे!" मीठवाला ओरडला.

"वा रे वा!" गूळवाला म्हणाला. "मी मागं घेतो आणि तेवढ्यात शंख वाजला तर? माझी जागा जन्माची गेली. आधी तू घे तुझी पोती मागं!"

"आधी तू!"

"आधी तू!"

खालच्या दुकानांतही तेच. जो तो दुसऱ्याला मागं हो म्हणत होता आणि स्वतःच्या रेघेवर पाय रोवून उभा होता. पाणी घोट्याला आलं. पाणी पिंढरीला आलं. गवंडी शंख फुंकायचा सोडून, तो कमरेला खोचून एका चाकाला खांदा देत होता. बैल डोळे पांढरे करून फुरफुरत होते.

मीठवाला म्हातारीवर धावला. "ए म्हातारे, उचल त्या टोपल्या! मागं हो!"

"होते मागं," म्हातारी म्हणाली. "मला नकोत हे चोरीचे दोन हात. पण मागं जाऊ कुठं? मागं तुझंच मीठ आहे."

मीठवाल्यानं बघितलं. खरंच की! म्हातारीच्या जागेत त्याचीच पोती, पोत्यांनी रेटलेली म्हातारी रस्त्यात, आणि म्हातारीवर अडलेली त्याचीच गाडी. आपली वाट आपणच बंद केली, हे त्या शहाण्याला गुडघाभर पाण्यात उभं राहून कळलं.

तो रडवेला झाला. पण बैल त्याचे होते, मागं माणसं ओरडत होती. त्यानं पोत्यांना मिठी मारली आणि एकेक पोतं ओढून खडकाकडं फेकलं. निम्मं मीठ पाण्यात विरघळलं. मोकळ्या झालेल्या जागेत म्हातारीनं टोपल्या मागं ओढल्या आणि खडकाला पाठ लावून उभी राहिली. गाडी सुटली! तिच्यामागं कुंभार, कापडवाला, कोळणी, पोरं, कुत्री, सगळी त्याच फटीतून वर आली. गूळवाला तेवढा शेवटपर्यंत आपल्या रेघेवर उभा होता. ढेपा पायाखाली पाघळल्या, तेव्हा हलला. त्या दिवशी तिथले मासे गोड लागले म्हणतात.

कुणी बुडलं नाही. सगळे किनाऱ्यावर आले, ओले, चिडलेले, धापा टाकत. राणीही तिथं धावत आली. मागं वळून बघतात तर पेठ नाही. नुसतं पाणी.

तेव्हा गवंड्यानं कमरेचा शंख काढला आणि फुंकला.

"आता?" मीठवाला किंचाळला. "आता रेघ कुठं राहिलीय?"

"कुणाचीच नाही," गवंडी म्हणाला. "म्हणजे आता मी हवी तशी मारायला मोकळा. राणीसाहेब, मला काय बघायचं होतं ते मी बघितलं. रस्ता बारा हातांचा आखला, तर ही मंडळी चार हातांचा करून ठेवतात. आठ हात यांना खायलाच लागतात. म्हणून रस्ता वीस हातांचा करतो. मग यांनी कितीही खाल्लं तरी बारा उरतील."

"आणि वरचे आठ हात आणायचे कुठून?" राणीनं विचारलं.

"ज्यानं जेवढं खाल्लं, तेवढं त्याच्या दुकानातून. चार फेऱ्या उगाच नाही मारल्या मी."

दोन्ही बाजूंनी कुरकूर झाली, पण भिजलेल्या माणसाची कुरकूर ती. राणीनं मान डोलावली आणि निकाल लागला.

गवंडी म्हातारीकडं वळला. "आजी, तूही दोन हात पुढं आली होतीस."

"आले होते," म्हातारी म्हणाली. "नाही कशाला म्हणू? काप माझे दोन हात."

"पण 'मागं होते' असं सगळ्या पेठेत तू एकटी म्हणालीस. तुझे तीन हात पुरते राहतील."

वर्षाच्या आत पेठ उभी राहिली. काय पेठ ती! दगडी जोती, लाल कौलं, आणि मधून वीस हातांचा रस्ता, वरून बघितलं तर थेट समुद्र दिसणारा. लांबलांबचे गाडीवान मुद्दाम तिकडं वळायला लागले, कारण दुसऱ्या कुठल्याच पेठेत गाडी एवढी सुखानं जात नव्हती. गिऱ्हाईक इतकं वाढलं की कापलेल्या दुकानात मीठवाल्याला उभं राहून धंदा करावा लागला. बसायला जागाच नव्हती. शेजारी आमसुलंवाली म्हातारी बसायची, ऐसपैस, पाय पसरून. आणि तिला ऊठ म्हणणारा त्या पेठेत कुणी नव्हता.

लहानांनो, ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्ही तर नीटच ऐका: सगळ्यांची वाट जो खातो, त्याची स्वतःची वाट आधी बंद होते.