आत्याचं अंथरूण

ऐका. फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, माझ्या आजालाही ते ठाऊक नव्हतं. आमच्या करडेवाडीत बिजा नावाची एक बाई होती. लग्न होऊन सासरी गेली, वर्षाच्या आत नवरा वारला, आणि ऐन थंडीत काखेत गाठोडं घेऊन ती माहेरी परत आली. भावानं दार उघडलं, अंथरूण टाकून दिलं, एक शब्द विचारला नाही. भावाच्या पोरांची आत्या होती, ती हळूहळू अख्ख्या गावाची आत्या झाली. पाटलाचीसुद्धा.

आत्याचं काम जोंधळा राखायचं. मचाणावर उभं राहायचं नि गोफण फिरवून पाखरं हाकायची. पण बाईचं ध्यान सगळं आभाळात. ती माहेरी आली त्याच आठवड्यात माळावर भोवत्या आला होता. भोवत्या म्हणजे ससाण्यासारखाच शिकारी पक्षी, पण झाडावर बसून टपून राहणारा नव्हे. गवताच्या शेंड्यांवरून तरंगत जातो, पंख ओंजळीसारखे थोडे वर उचललेले. दिवसभर फिरतो आणि दिवस मावळताना शेकड्यानं माळावरच्या उंच गवतात उतरतो, तिथंच भुईवर झोपतो. थंडीत येतो, पाडव्याच्या आत निघून जातो. दर वर्षी. आत्या म्हणायची, "या माझ्यासारख्याच पोरी. माहेरी आल्यात."

वर बघून बघून तिची मान तशीच राहिली होती, असं म्हणतात. एकदा चालता चालता आडात पडायची, पण कावळ्यानं ओरडून थांबवलं, असंही म्हणतात. हसताय काय? तुम्ही तरी कुठं खाली बघून चालता! पण नजर अशी, की मैलावरचा ठिपका बघून सांगायची, ही घार, तो तीसा, ती कापशी. बाया विचारायच्या, "आत्या, कसं गं ओळखतेस?" ती म्हणायची, "आधी पंख बघायचे, मग शेपूट. रंग सगळ्यात शेवटी. रंग फसवतो."

मग एका थंडीत काय झालं, पाटलाच्या नव्या सुनेनं, तुळसानं, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली. बारा पिलं निघाली. त्या मोठ्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं ते पहिलंच काही. पोरीचा जीव होता त्या पिलांवर. दहा दिवसांत त्यांतली सात गेली. तुळसानं एकदाच ओझरतं बघितलं होतं. रडत म्हणाली, "मामंजी, तपकिरी पक्षी होता."

झालं! तपकिरी पक्षी म्हटल्यावर गावाला माळ आठवला. तिथं शेकड्यानं तपकिरी पक्षी झोपतात की! पाटील भला माणूस, पण डोकं गरम. चावडीवर उभा राहून म्हणाला, "उद्या दिवस मावळला की गवत पेटवा. झोपेतच जातील सगळे."

आत्यानं ऐकलं आणि मचाणावरून उतरून तशीच, हातात गोफण घेऊन, चावडीवर आली.

"आप्पा," ती पाटलाला म्हणाली, "लेक माहेरी आली की तिच्या अंथरुणाला कुणी काडी लावतं का रं?"

पाटील म्हणाला, "आत्या, लेक असती तर गोष्ट निराळी. चोर आहेत ते. सुनेचं रडणं ऐकवत नाही मला."

"मग उद्या दिवस मावळेपर्यंत थांब. तोवर चोर दाखवला नाही, तर काडी मी लावीन. माझ्या हातानं."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तशी आत्या गवतात शिरली. अजून तिथं निम्मे पक्षी ऊन खात बसले होते, पण एकही उडाला नाही, असं म्हणतात. परत आली ती ओटीत काळ्या-करड्या गोळ्या घेऊन. हे पक्षी खाल्लेल्यातलं जे पचत नाही ते गोळी करून ओकून टाकतात. पाटलाच्या अंगणात तिनं त्या सुपात ओतल्या. "तुळसा, बस इथं. फोड."

तुळसानं नाक मुरडलं, पण फोडल्या. नाकतोड्यांच्या तंगड्या निघाल्या, ढीगभर. उंदरांची हाडकं निघाली. एक सरड्याचा जबडा निघाला. तिनं सगळं सूप बोटांनी चाळलं आणि सासऱ्याकडं बघून मान हलवली. कोंबडीचं एक पीस त्यात नव्हतं.

"मग माझी पिलं काय वाऱ्यानं नेली?" पाटील तडकला.

"बस रं निंबाखाली. आणि आभाळात बघू नको. खारीकडं बघ."

सारं गाव अंगणात बसलं. दुपार कलली तरी काही नाही. दिवस माळाकडं झुकला. पाटलानं गवत पेटवायला काड्यांची जुडी मांडीशी आणून ठेवली होती, आणि आत्या त्या जुडीकडं बघत नव्हती.

तेवढ्यात निंबावरची खार चिरचिरू लागली. शेपूट ताठ, तोंड एकाच फांदीकडं. साळुंक्यांनी कल्ला केला. कोंबडीनं पिलं पंखाखाली ओढली. आत्यानं बोट वर केलं. पानांच्या दाटीत, पाटलाच्या पागोट्याच्या बरोबर वर, एक तपकिरी पक्षी बसला होता.

"तुळसा, सांग. पंख?"

"आखूड. गोलसर."

"शेपूट?"

"लांब... पट्ट्यापट्ट्यांची."

"आता बघ रंग. शिक्रा आहे हा. त्या पोरी माळावर, आणि हा, आप्पा, तुझ्याच निंबावर, तुझ्याच डोक्यावर!"

शिक्रा झेपावला. आत्याची रिकामी गोफण कडाडली आणि तो पिलांवरून तसाच पुढं निघून गेला. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "पाटील, मग आता निंब पेटवायचा का?" गाव असं हसलं, असं हसलं, की शेवटी पाटीलही हसला आणि जुडी त्यानं चुलीत टाकली.

तुळसा मात्र रडली. "आत्या, तपकिरी मीच म्हटलं होतं."

"नवी आहेस. शिकशील," आत्या म्हणाली, आणि पिलांवर झाकायला आपलं डालगं तिला देऊन टाकलं.

तुळसा शिकली. पुढं आत्याच्या डोळ्यांत सारा पडला, दिसेनासं झालं, तेव्हा तुळसा मचाणावर तिच्याशेजारी बसून आधी पंख सांगायची, मग शेपूट, आणि आत्या ऐकून नाव सांगायची. आत्या गेली माघात. सरणावर भोवत्यांनी तीन फेऱ्या घातल्या, असं म्हणतात. कुणी दोनशे पक्षी म्हणतं, कुणी दोन हजार. माझा आजा म्हणायचा, ऊन अडलं होतं. आजा जरा वाढवूनच सांगायचा, पण मला ते खरं वाटतं.

माळावरच्या त्या गवताला आजही आत्याचं अंथरूण म्हणतात. थंडीत पहिला भोवत्या ज्याला दिसतो तो वेशीत येऊन ओरडतो, "आत्या, पोरी आल्या!" मग कुठल्या तरी ओट्यावरून विचारणा होते, "पंख कसे होते?" गड्यानं आधी रंग सांगितला, की त्याला पुन्हा माळावर धाडतात.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा गुरं हंबरत होती. लोकांनी घरावरची छपरं उतरवली आणि ते जुनं, काळं पडलेलं गवत गुरांपुढं टाकलं. लेकरं उघड्या आढ्याखाली निजली. पण पाडव्यापर्यंत आत्याच्या अंथरुणाला कुणी विळा लावला नाही.

यंदा सतराच पोरी आल्यात. मी स्वतः बघितल्या, आधी पंख बघून.