टिटवी परत येईपर्यंत

दुपार व्हायच्या आधीच शेवूचे पाय भरून येत. नदीच्या उघड्या वाळूत तिच्या मायनं कलिंगडाचे वेल लावले होते. चैत्र आला आणि नदी आटत आटत पार पलीकडच्या काठाला जाऊन बसली. तिथून पाणी आणायचं, वेलांना घालायचं, पुन्हा जायचं. घागर वाहून मायचा खांदा सुजला होता. शेवूची कळशी लहान होती, पण शेवूही लहानच होती.

वाटेत वाळूवर टिटवीची अंडी होती, मातकट, ठिपक्याठिपक्यांची. टिटवी घाबरून उठू नये म्हणून शेवू लांबून वळसा घेई. दमलेल्या पायांना तो वळसा फार मोठा वाटे. वेलांना घालून उरलेलं पाणी ती एका खापरात ओते. मग शेपटी नाचवत परीट पक्षी येई, इवलासा चिखल्या तुरुतुरु धावत येई, आणि दोघं चोची बुडवून पाणी पीत.

एके दिवशी खापरातलं पाणी लखलखलं आणि त्यातून बोटाएवढी परी वर आली. पंख खंड्याच्या पाठीसारखे निळेनिळे, केसांत रुपेरी थेंब. ती खापराच्या काठावर टेकली.

"दमलीस ना गं?"

"हो," शेवू म्हणाली.

"मीपण. आटत्या नदीची परी आहे मी." परीनं पंख मिटले. "माझ्या पाखरांना तू पाणी पाजलंस. एक मागणं माग. पण ते एकाच जिवासाठी मागायचं. आणि त्याआधी, टिटवी पाण्यावर गेलीय ती परत येऊन अंड्यांवर बसेपर्यंत जागचं हलायचं नाही. हललीस तर मी चालले."

शेवू बसली. ऊन तापलं. समोर वेलांची पानं मलूल होत चालली. तेवढ्यात माय आली.

"शेवू, अगं वेल सुकताहेत."

"माय, थोडं थांब ना. टिटवी येऊ दे."

माय रागवणार होती, पण रागवायलाही अंगात बळ नव्हतं. ती घागर ठेवून शेजारी बसली. पलीकडे पांढरेशुभ्र सुरय पक्षी पाण्यावर झेपावत होते. किती दिवसांत तिनं मान वर करून काही पाहिलंच नव्हतं. बघता बघता शेवूच्या खांद्यावर डोकं टेकून तिला झोप लागली.

शेवूच्या पायाला मुंग्या आल्या. ती हलली नाही.

मग टिटवी आली. तिच्या पोटाची पिसं ओलीचिंब होती. तापलेल्या अंड्यांवर ती अलगद बसली आणि पिसांतलं पाणी अंड्यांवर झिरपलं.

"माग आता," परी कुजबुजली.

शेवूनं आपल्या पायांकडे पाहिलं, मग मायकडे. "मायचा खांदा दुखायचा थांबू दे."

"आणि तुला?"

"एकाच जिवासाठी म्हणालीस ना."

परी हसली. "मागणं एकच. पण देणं माझ्या हातात आहे." तिनं वेलांशेजारच्या वाळूला बोट लावलं. वाळू ओली झाली, खळगा पडला आणि त्यात गार, नितळ पाणी चढू लागलं. निळा, सोनेरी, रुपेरी उजेड पाण्यावर थरथरला आणि त्यातच परी विरून गेली.

माय उठली तेव्हा शेवू वाळूतच गाढ झोपली होती. मायनं सवयीनं खांदा दाबायला हात वर नेला आणि तो तसाच थांबला. तिनं खांदा हलवून पाहिला, पुन्हा हलवून पाहिला. मग वेलांशेजारचं पाणी तिला दिसलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

तिनं शेवूला उठवलं नाही. शेवूच्या हाताखालची कळशी हळूच काढून घेतली आणि एकटीच वेलांना पाणी घालायला लागली.