पुढच्या वर्षीची अंडी

आडबंदरची निम्मी होडकी किनाऱ्यावर उलटी पडली होती, तरी मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष हरेश्वर नाखवा मासळी घटल्याचं मानायला तयार नव्हते. समुद्राचा अभ्यास करणारी हेमांगी वैती भर सभेत पडद्यावर आलेख दाखवून, पिल्लंही अडकतील अशी बारीक डोळ्यांची जाळी बंद करा म्हणून विनवत होती. लोक जांभया देत होते.

"बाई, या रेघोट्या पुरे," नाखवा गरजले. "दर्या कधी आटतो काय? आमच्या लोकांना कळेल असं बोला, नाहीतर घरी जा!"

हेमांगीनं पडदा बंद केला आणि मासळी विकणाऱ्या बायकांकडे वळून विचारलं, "मावशी, पापलेट चिरताना पोटात अंड्यांची गाबोळी शेवटची कधी दिसली?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. म्हातारी जानकी म्हणाली, "माझ्या सुनेनं तर बघितलीच नाय, बाय. आता येतं तेच तळहाताएवढं."

"कोवळं असतं ना!" नाखवा हसले. "हॉटेलवाले त्याच्यावरच तुटून पडतात."

"खरंय, नाखवाशेठ. पण अंडी घालायच्या आधीच सगळी पापलेटं खाल्ली, तर पुढच्या वर्षीची अंडी कोण घालणार? तुम्ही?"

नाखवांचं हसू विरलं. सभेतही कुणी हसलं नाही. हळूहळू एकेक हात वर गेला आणि बारीक जाळी बंद करायचं ठरलं. सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, नाखवांनीही हात वर केला.

बाहेर पडताना जानकीनं विचारलं, "दर्या परत भरंल ना गो?"

हेमांगीला खोटं बोलवेना. "भरेल, मावशी. पण तुमच्या डोळ्यांना दिसेल का, ते नाही सांगता येत."