पांढरीची पिल्लं आणि यसबाची लेक

एका गावात यसबा नावाचा एक भोळा बाप होणार होता. म्हणजे भोळा तो आधीपासूनच होता, बाप आता होणार होता.

त्याच्या बायकोला, हौसाला, त्याचीच धास्ती होती. मागे ‘अंडी नीट ठेवा’ म्हटल्यावर यसबाने ती पेटीत घालून कुलूप लावलं होतं, आणि खुडूक कोंबडी बाहेर बोंबलत बसली होती. असा माणूस तान्हं लेकरू काय सांभाळणार?

तेवढ्यात घरातली सशाची मादी, पांढरी, व्याली. सहा पिल्लं झाली, उघडीवाघडी, डोळे मिटलेली. हौसा म्हणाली, "ही सहाच्या सहा जगवून दाखवा. मगच माझं लेकरू तुमच्या हातात देईन."

यसबा तडक आईकडे गेला. "आई, बाळंतिणीचं काय काय करत्यात गं?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डिंकाचा लाडू द्यायचा, कान बांधायचे, खाटंखाली शेगडी ठिवायची."

यसबाने सगळं केलं. लाडवाला पांढरीने तोंडही लावलं नाही. कानांना एक फडकं पुरेना, दोन लागली. शेगडीने पांढरीच्या खोक्यातलं गवत धुमसायला लागलं तेव्हा आई धावत आली आणि तिने शेगडी बाहेर ओढली.

"आरं, जनावर हाय ते! पाला घाल आन् लांब ऱ्हा. पिल्लू उचलायचं झालंच, तर आधी त्यांच्याच गवतात हात घास. परका वास लागला की आई बावरती."

"आत्ता कळलं!" यसबा म्हणाला.

चार दिवसांनी हौसाला मुलगी झाली. गावातल्या बाया बघायला आल्या. दारात यसबा उभा, हातात बाळाचं ओलं दुपटं.

"आधी ह्यात हात घासा, मगच बाळाला हात लावा."

पाटलीणबाई आणलेलं झबलं काखेत मारून आल्या पावली परत गेल्या. बाकीच्या बायाही त्यांच्यामागे गेल्या. आईने कपाळावर हात मारला.

"आरं, बघायला आलेल्याला बसायला पाट द्यावा, हातावर साखर ठिवावी!"

"आत्ता कळलं!"

दुसऱ्या दिवशी पिल्लं बघायला शेजारचा बोका आला. यसबाने खोक्याचं झाकण उघडलं, पाट मांडला, पुढे साखर ठेवली. बोक्याने साखरेकडे ढुंकूनही बघितलं नाही, तो थेट पिल्लांकडे सरकला. पांढरीने मागच्या पायांची अशी लाथ हाणली की बोका पाटावरून कोलमडला आणि शेपूट फुगवून पळाला. पिल्लं वाचली. यात यसबाचा काडीचाही हात नव्हता.

आईला हसू आणि रडू एकदमच आलं. "बघ त्या मुक्या जिवाकडं! सोताच्या अंगाचे केस उपटून तिनं लेकरांखाली अंथरल्यात. ह्याला म्हंत्यात माया. शिक काहीतरी तिच्याकडनं."

यसबा वाकून बघत राहिला. मऊ, पांढऱ्या केसांत सहा पिल्लं गाढ झोपली होती. त्याचे डोळे भरून आले. या खेपेला तो ‘कळलं’ म्हणालासुद्धा नाही, इतकं त्याला कळलं होतं.

बारशाच्या दिवशी सहाही पिल्लं डोळे उघडून टुकूटुकू बघत होती. हौसा शब्दाला जागली. लेक त्याच्या हातात देत म्हणाली, "सांभाळा हं. रातभर जागी हाय, मी घटकाभर पडते." यसबाला आभाळ ठेंगणं झालं.

दुपारी बाया जमल्या. पाटलीणबाईसुद्धा राग गिळून आल्या. पाळण्यात मुलगी मऊ, काळ्याभोर गादीवर खुशाल झोपली होती. पाटलीणबाईंनी गादी चाचपली आणि हात झटकन मागे घेतला.

इतक्यात हौसा डोळे चोळत बाहेर आली. गुडघ्यापर्यंतची वेणी पुढे घ्यायला तिने हात मागे नेला. हाताला काहीच लागेना. तिने फोडलेली किंकाळी वेशीपर्यंत गेली.

"आगं, आगं!" यसबा घाईघाईने म्हणाला. "उपटणारच होतो. पण तुला दुखंल म्हणून कात्रीनं कापले!"