पडला तो खोटा!

गजबाहू राजाच्या दरबारात म्हातारं मानूस गेलं, की आपटलंच! दरबारापुढं संगमरवराची चढण. ती राजानं घासूनपुसून अशी लख्ख करून घेतली, की सिंहासनावरचं त्याचं तोंड खालच्या दगडात दिसावं. बाजूला चांदीचा कठडा. पण धरायचा न्हाई! हात लावला की शिपाई सोटा हाणायचा. का? तर म्हणं चांदी काळी पडती! आरं, धरायचा न्हाई तर लावला कशाला? टकुरं फोडून घ्यायला?

वर राजाचा न्याव ऐका. "चढताना पडला तो खोटा! खऱ्याचा पाय घसरत न्हाई!"

कोंडाजी म्हाताऱ्याची विहीर शेजारच्या पाटलानं बळकावली. न्यावासाठी दोघं दरबारात आले. तरणाबांड पाटील टणाटणा उड्या मारत वर गेला. कोंडाजी अर्ध्यात पोचला न् धाडदिशी पालथा! ढोपरं फुटली.

"खोटारडा!" राजा म्हनला. "विहीर पाटलाची!"

कोंडाजीची सून चिमा खालनं वरडली, "माझा सासरा खोटा न्हाई म्हाराज, तुमची चढण खोटी हाय!"

राजा भडकला. "अस्सं? मग कर खरी! उद्या दिस कलायच्या आत! छिन्नी लावायची न्हाई, दगूड हलवायचा न्हाई, माझ्या चांदीला कुणाचा हात लागायचा न्हाई. म्हातारा नीट चढला तर विहीर तुमची, वर मागशील ते देईन. पडला तर विहीर गेली, आन् तू जलमभर ही चढण पुसायची!"

पाटील खिदळला, "चिमे, येताना फडकं आण गं!"

"आणते की! उरलं तर तुमचं थोबाड पुसंन!"

दुसऱ्या दिशी दुपारी राजा सिंहासनावर बसला न् किंचाळलाच, "माझ्या संगमरवरावर शेण!"

चिमानं शेण, माती न् भुसा कालवून अख्खी चढण सारवली व्हती. उन्हानं खडखडीत वाळली व्हती. कठड्याला खालपास्नं वरपातूर अंबाडीचा दोर गुंडाळलेला.

"छिन्नी लावली का, म्हाराज? दगूड हलवला का?"

"चांदीला हात लावलास!"

"न्हाई बा! पाटलांनी सांगितलेलं फडकं हाताला बांधलं व्हतं. आन् आता जो धरंल तो दोर धरंल!"

"पण माझं तोंड दिसंना झालं!"

"तेच तर झाकलं! रोज कुणीबी चिखलाचं पाय घिऊन येतंय, न् म्हाराजांच्या नाकावर पाय दिऊन वर जातंय! मला बघवंना!"

राजा नाक चाचपत बसला. तवर कोंडाजी दोर धरून, पाय रोवत, पाटलाला शिव्या घालत वर येऊन उभाबी राहिला!

राजाला हसू फुटलं. "जितलीस, पोरी! विहीर तुमची. आता माग काय मागायचं ते!"

"जितकी म्हातारी मानसं हितं घसरून खोटी ठरली, तितकी परत बोलवा. पुन्यांदा चढू द्या, पुन्यांदा न्याव करा."

"म्हंजे मी आजवर न्याव न्हाई, घसरगुंडी चालवली म्हणतीस?"

"मी कुठं म्हणतीया? म्हाराजच म्हणत्यात!"

राजा पोट धरून हसला, आन् हसता हसताच शिपायाला म्हनला, "पिटव दवंडी! बोलव समद्यांस्नी! आन् तो सोटा टाक आधी!"