गाईच्या गळ्यातली घंटा

गोदेच्या काठी प्रतिष्ठान नगरीत अरिमर्दन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने एका गरीब विधवेच्या पोटी जन्म घेतला. त्याचे नाव भद्रक. विद्या संपादून तो वैद्य झाला, तेव्हा आईने म्हाताऱ्या गाईच्या गळ्यातली घंटा सोडून दारावर टांगली.

"दुखणाइताला हाक मारायचंही त्राण नसतं रे," ती म्हणाली. "ही वाजली की जेवत असलास तरी उठायचं."

भद्रकाच्या हाताला गुण होता. कीर्ती झाली, आणि राजाने त्याला हत्तीशाळेचा प्रमुख नेमले. त्या नगरीची रीत अशी, की राजाने मान दिला की सोबत पितळेची घंटा यायची. ती दारावर टांगायची आणि वाजली की हातातले काम टाकून निघायचे. मग राजउद्यानाची घंटा आली, अत्तरांच्या पारखीची आली, कुस्त्यांच्या निवाड्याचीसुद्धा आली! वैद्याला कुस्तीतले काय कळते, हे ना राजाने विचारले, ना भद्रकाने सांगितले. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटे नाही.

दार दिवसभर घणघणू लागले. एव्हाना आई थकून आतल्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. पाणी हवे झाले की ती "बाळा" म्हणून हाक मारी. भद्रक "आलोच" म्हणे आणि बाहेरच्या घंटेमागे निघून जाई. पुढे पुढे तिने हाक मारणेच सोडले. आईला आता बरे वाटत असावे, असे त्याला वाटले. साऱ्या नगरीची नाडी पाहणारा हा वैद्य घरातच चुकला.

एके दुपारी अत्तरे पारखून तो घरी आला, तर आई उंबरठ्यावर बसलेली. जिला कूस बदलवत नव्हती, ती आतून सरपटत आली होती. तिचे कोपर सोलवटले होते. तिच्या मांडीवर तापाने फणफणलेली एक लहान मुलगी होती आणि शेजारी मुलीची आई, टोपल्या विणणारी रेवा, रडत होती.

"गाईची घंटा कधीची वाजत होती," आई म्हणाली. "तू नव्हतास, म्हणून मी आले."

भद्रकाला भडभडून आले. तो तिथेच बसला आणि त्याने मुलीची नाडी धरली. ताप डोक्यात चढत होता. तेवढ्यात हत्तीशाळेची घंटा घणाणली.

"चला वैद्यराज, महाराजांच्या हत्तीनं चारा टाकलाय!" सेवक ओरडला.

"हत्ती उद्यापर्यंत तग धरेल, ही धरणार नाही. मी उठणार नाही."

"मान जाईल तुमचा!"

"जाऊ दे," भद्रक म्हणाला आणि मात्रा उगाळू लागला.

सांजेला मुलीला घाम फुटला. तिने डोळे उघडून पेज मागितली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पितळी घंटा उतरवून भद्रक राजसभेत गेला.

"लोक एकेका घंटेसाठी जीव टाकतात," राजा संतापून म्हणाला. "तुला काय कमी पडलं?"

"कमी नाही महाराज, फार झालं. मला आईची हाक ऐकू येईना."

राजाने घंटा आणि त्यांच्यासोबत दिलेले वतनही काढून घेतले. घरात भाताच्या जागी पुन्हा नाचणी आली. भद्रकाने गाईच्या घंटेला एक दोरी बांधली आणि तिचे दुसरे टोक आईच्या उशाशी आणले. आता घंटा आतून वाजो की बाहेरून, त्याला उठायचेच होते.

एकदा घंटा वाजली. दारात कोणी नव्हते. भद्रक धावत आत गेला.

"काय हवं, आई?"

"काही नको रे," ती हसली. "तुला ऐकू येतंय का, ते पाहिलं."

विहाराचा सारा कारभार अंगावर घेऊन ध्यानाला मुकलेल्या एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही गोष्ट सांगितली. मग ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे तुला रोज नवे काम सांगणारा विहाराचा हा धनवान श्रेष्ठी. ती आई म्हणजे अंगण झाडणारी ती वृद्ध भिक्षुणी. भद्रक मीच होतो. आणि ज्या मुलीपाशी बसायला त्याने इतर सगळे सोडले, ती मुलगी, बाळा, तूच होतीस."

भिक्षूने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून खाली ठेवला. जे खरे आपले आहे त्यासाठी बाकीचे सुखाने सोडून देणे, यालाच नैष्क्रम्य म्हणतात.